हळदूचं लेबल

राजाभाऊंना त्या पिवळ्या गोळ्याचा हेवा वाटतो आहे, हे त्यांच्या बायकोला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. राजाभाऊंना ते कबूल करायला अडीच महिने लागले, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. अडतीस वर्षं दिल्लीच्या सरकारी कीटकसंग्रहात भुंगेऱ्यांची वर्गवारी केलेला, ज्याच्या सहीशिवाय तिथला एक ट्रे जागचा हलत नसे. त्यानं जळावं कोणावर? तर काचेच्या बशीत ओट्स खात पसरलेल्या, डोकं नाही, पाय नाहीत, धड प्राणी नाही की धड वनस्पती नाही अशा एका चिकट प्रकारावर. सांगितलं तर लोक हसतील. पण हसणाऱ्यांनी आधी स्वतःचे रविवार आठवून पाहावेत, कारण सगळं रविवारावरूनच झालं.

राजाभाऊ आणि सरलाताई मुलाकडे राहत. मुलगा साकेत मिनिस्ट्रीत अधिकारी, लक्ष्मीबाई नगरात सहाव्या मजल्यावर त्याचं सरकारी क्वार्टर. नात स्वानंदी, दहा वर्षांची. ती सहा वर्षांची झाली तेव्हापासून रविवारची सकाळ तिची आणि आजोबांची. दोघं लोधी गार्डनला जायची, दगड उलटे करायची, भुंगेरे बघायची. मग कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये साबुदाणा वडा, आणि घरी येऊन टाचणी, थर्माकोल आणि लेबल.

लेबलाच्या बाबतीत राजाभाऊ भयंकर कडक. नाव, स्थळ, तारीख, कोणी पकडला, आणि शेवटी शेरा. "लेबल ही त्या किड्याची साक्ष आहे," ते तिला सांगायचे. "त्यावर एक शब्द खोटा लिहिलास की किडा कचऱ्यात." दुसरा नियम असा, की दगडाखाली दहा असतील तर एक घ्यायचा आणि नऊ सोडायचे. आणि तिसरा म्हणजे त्यांचा आवडता खेळ. कोणी काहीही ठासून सांगितलं की दोघांनी एकदम विचारायचं, "कशावरून?" टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना, एकदा तर सदनाच्या वेटरलाही त्यांनी विचारलं होतं, वडे आत्ताच तळलेत हे कशावरून. सुखदा, म्हणजे स्वानंदीची आई, कपाळावर हात मारून घ्यायची. राजाभाऊंना मात्र त्या दोन आवाजांच्या "कशावरून"मध्ये आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं.

ऑगस्टअखेर चौथ्या मजल्यावर मयुरा राहायला आली. पुण्याची, वय चौतीस-पस्तीस, गुडगावच्या आयटी कंपनीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. नवरा चैतन्य रेल्वेत, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. सरलाताईंनी मराठी शेजार मिळाला म्हणून पुरणपोळ्यांचा डबा पाठवला, आणि रिकामा डबा आणायला गेलेली स्वानंदी दोन तासांनी परत आली ती धावतच.

"आजोबा, मयुरामावशीकडे ना, एक चीज आहे! पिवळी, चिकट. जिवंत आहे, पण ॲनिमल नाही, प्लांट पण नाही. फंगस पण नाही!"

"मग काय आहे?"

"मावशी म्हणाली, मला पण पक्कं माहीत नाही, चल बघूया."

राजाभाऊंना पक्कं माहीत होतं. ते उठून बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं: ह्याला इंग्रजीत स्लाइम मोल्ड म्हणतात, पेशी एकच पण केंद्रकं लाखो, लॅटिन नावाचा अर्थ अनेक डोक्यांचा आणि डोकं एकही नाही, पूर्वी त्याला बुरशीत टाकत, मग बाहेर काढलं, आता तिसऱ्याच गटात ठेवतात. स्वानंदीनं एका पायावर उभं राहून पाच-सात मिनिटं ऐकलं. "हो का," म्हणाली, आणि तो ओट्स कसा खातो ते बघायला पुन्हा खाली पळाली.

तिनं त्याचं नाव हळदू ठेवलं. पुढच्या रविवारी लोधी गार्डनहून परतताना वडा नको म्हणाली, कारण हळदूला जेवण द्यायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी लोधी गार्डनच राहिलं. "फक्त आजचा दिवस, आजोबा, प्लीज यार." चौथ्या रविवारी राजाभाऊ बूट घालून, नळ्या आणि चिमटा खिशात टाकून सोफ्यावर बसून राहिले, आणि अकरा वाजता त्यांनी स्वतःच बूट काढले.

"जाऊन बघा की एकदा खाली," सरलाताई म्हणाल्या.

"काय बघायचंय? बुरशीसारखा प्रकार. त्यात कसलं आलंय शास्त्र!"

"शास्त्र नाही, तुमच्या पोटात दुखतंय."

"मला? त्या शेंबडाचा हेवा?"

"मी कुठं कोणाचं नाव घेतलं?" असं म्हणून सरलाताई मटार सोलायला बसल्या.

शेवटी राजाभाऊ खाली गेले. मयुरानं अगदी अगत्यानं स्वागत केलं, काका काका म्हणत खुर्ची दिली, चहा टाकला. तिच्या फ्रिजवर एक मोठा कागद चिकटवलेला होता. स्वानंदीच्या वळणदार अक्षरात वर लिहिलं होतं, 'कोणाकोणाला मन असू शकतं?' खाली ओळीनं नावं: दगड, आपोआप बंद होणारा गीझर, लाजाळूचं झाड, हळदू, मुंगी, मुंग्यांचं अख्खं वारूळ, कावळा, ऑक्टोपस, फोनमधला बोलणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या ग्रहावरचे कोणी असले तर ते. पुढे रकाने होते. भूक लागते का, शिकतो का, आठवतं का, दुखतं का. आणि बहुतेक घरांत प्रश्नचिन्हं.

राजाभाऊंनी चष्मा वर केला. "निम्म्या तक्त्यात प्रश्नचिन्हंच आहेत. वर्गवारी म्हणजे कप्पे असतात, बाई."

"कप्पे आहेत की काका," मयुरा हसून म्हणाली. "कोणाला कुठे ठेवायचं तेच ठरत नाहीये. हा गीझर बघा ना. तो गरम-थंड ओळखतो, पण त्याला काही कळतं असं म्हणवत नाही. मग हळदूला कळतं असं आपण का म्हणतो? आम्ही दोघी रोज भांडतो ह्यावर."

"आजोबांच्या ऑफिसात पण असा एक ट्रे होता," स्वानंदी मध्येच म्हणाली. "ज्याचं ठरत नाही त्याचा. हो ना आजोबा?"

"होता. सगळ्यात खाली," राजाभाऊ तुटकपणे म्हणाले.

त्या खालच्या ट्रेचं एक जुनं दुखणं होतं. त्यांना एकदा अरवलीच्या टेकड्यांत एक भुंगेरा सापडला होता, तांबूस, मसुराएवढा. नवी जात असावी असं वाटत होतं. पण शंका होती, म्हणून त्यांनी तो सहा वर्षं त्या ट्रेत ठेवला आणि पुरावा जमवत राहिले. सातव्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या अशोक फाटकानं त्याच टेकड्यांतून तोच भुंगेरा आणला, तीन महिन्यांत नाव दिलं, आणि जगभरच्या याद्यांत फाटकाचं नाव लागलं. राजाभाऊंनी त्याचं अभिनंदन केलं, पेढेही खाल्ले. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या आनंदात त्यांना पेढ्याची ती चव आठवायची.

मग स्वानंदीनं प्रयोग दाखवला. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कापलेली इंग्रजी टी अक्षरासारखी वाट होती. खालच्या टोकाला हळदूचा तुकडा, वरच्या एका फाट्यात ओट्स, दुसऱ्यात काही नाही. पाच वेळा केलं, पाचही वेळा हळदू बरोबर ओट्सकडे गेला.

"त्याला कळतं, आजोबा!"

"कशावरून?" राजाभाऊ म्हणाले. बऱ्याच दिवसांनी तो शब्द त्यांच्या तोंडी आला होता आणि तोही एकट्याच्या. ते उठले, टेबलाभोवती एक चक्कर मारली. "ओट्स दर वेळी ह्याच बाजूला होते का?"

"हो."

"आणि खिडकी दर वेळी त्या बाजूला. हा उजेडापासून पळतो. ओट्स ठेवले नसतेत तरी इकडेच आला असता."

राजाभाऊंना इतकं बरं वाटलं, की सांगता सोय नाही. आता ही पुण्याची मुलगी खजील होईल, दोन-चार सबबी सांगेल, आणि स्वानंदीला कळेल शास्त्र कशाला म्हणतात. पण मयुरानं कपाळावर हात मारला आणि ती चक्क खळखळून हसली.

"अय्या, खिडकी! काका, काय पकडलंत हो! स्वानंदी, सगळं रद्द. बुटांचं खोकं आण. झाकण लावून करायचं, आणि ओट्स कुठे ठेवायचे ते नाणं उडवून ठरवायचं."

"वॉव, चलो!" स्वानंदी ओरडली, आणि दोघी कामाला लागल्या. राजाभाऊ चहाचा रिकामा कप धरून उभे. त्यांनी मयुराची चूक काढली होती, आणि ती चूकच दोघींचा नवा खेळ होऊन बसली होती. अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी समजलं. बाईनं निदान थोडं तरी चिडायला हवं होतं.

नवा प्रयोग दोन आठवडे चालला. दहापैकी आठ वेळा हळदू ओट्सकडे गेला. राजाभाऊ म्हणाले, दहा फार कमी. ते खरंही होतं. मग म्हणाले, वासानं जात असेल, ह्यात मन कुठं आलं? तेही खरं होतं. दोघींनी दोन्ही शंका वहीत उतरवून घेतल्या. आयुष्यभर राजाभाऊंनी शंका घेतल्या होत्या आणि शंका घेतली की त्यांना नेहमी मोकळं वाटायचं. ह्या शंका घेतल्या की छातीत जळजळायचं. शब्द तेच होते, "कशावरून" तेच होतं, पण आपल्याला उत्तर नकोच आहे हे त्यांचं त्यांना कळत होतं. मूग गिळून ते वर यायचे आणि सरलाताईंवर वरणात मीठ कमी आहे म्हणून डाफरायचे.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. शाळेला सुट्टी. थंडी पडायला लागली म्हणून सुखदानं पानिपतला जाऊन रजया आणायचं काढलं. मयुरानं गाडी काढली. "आपलं पानिपत एकदा झालंय तेवढं पुरे," हा दर वर्षीचा विनोद करत सरलाताईही निघाल्या. साकेत दौऱ्यावर, चैतन्यही दौऱ्यावर. राजाभाऊंचे गुडघे दुखत होते म्हणून ते घरीच राहणार होते. तेव्हा हळदूची बशी स्वानंदीनं दोन्ही हातांत धरून वर आणली आणि आजोबांच्या टेबलावर ठेवली.

"दर दोन तासांनी स्प्रे. दोनदाच, जास्त नाही. उजेड नको. आणि आजोबा, त्याच्याशी भांडू नका हं."

"मी कशाला भांडू?"

तिनं गळ्यात हात टाकले. राजाभाऊ विरघळले. म्हणाले, "उद्या जाऊया का मग लोधीला? हवा बरी आहे म्हणतात."

"उद्या नाही जमणार." ती दाराशी पोचली होती. "उद्या मावशीचा मायक्रोस्कोप येतोय ना! ऑनलाइन मागवलाय. ती मला हळदू आतून दाखवणार आहे. बाय!"

मायक्रोस्कोप. राजाभाऊंच्या कपाटात त्यांचा स्वतःचा मायक्रोस्कोप होता, पितळी, जपून तेल घातलेला. स्वानंदी चार वर्षं मागत होती आणि ते सांगत होते, बारा वर्षांची झालीस की. त्या दिवसाची त्यांनी मनात तयारी करून ठेवली होती. पहिल्यांदा काय दाखवायचं तेही ठरलेलं होतं, भुंगेऱ्याच्या पंखावरचे रंग. आणि आता ते पहिलं बघणं मयुराच्या स्वयंपाकघरात होणार होतं. बाल्कनीतून त्यांनी खाली पाहिलं. स्वानंदी पुढच्या सीटवर, मयुराच्या शेजारी बसत होती.

दहा वाजता त्यांनी स्प्रे केला. बारा वाजता केला. मग स्वतःशीच कुरकुरत कपाट उघडलं, मायक्रोस्कोप काढला आणि बशी त्याखाली सरकवली.

अडतीस वर्षांत त्यांनी मायक्रोस्कोपखाली जिवंत असं फारसं काही पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे यायचे ते मेलेले, वाळलेले, टाचणीवरचे. आणि इथे पिवळ्या शिरांमधून दाणेदार प्रवाह धावत होता. धावता धावता मंद झाला, थांबला, आणि उलटा फिरला. मिनिटभर उलटा वाहिला, थांबला, पुन्हा सुलटा. राजाभाऊ अर्धा तास डोळा लावून बसले. कोणाला तरी हाक मारून दाखवावं असं त्यांना फार वाटलं. घरात कोणी नव्हतं. आणि जिला दाखवायचं ती उद्या हेच बघून मयुराला म्हणणार होती, "मावशी, हा तर परत फिरतोय!"

तिथं त्यांचं डोकं फिरलं. रागाच्या भरात बशी आपटली असती तर ते निदान माणसासारखं झालं असतं. राजाभाऊंनी तसं केलं नाही. त्यांनी नियम शोधला. ह्याची ओळख पटवली कोणी? मयुरा म्हणते म्हणून झालं का? नमुना ठेवल्याशिवाय नाव द्यायचं नाही, हा त्यांच्या खात्यातला पहिला धडा. नमुना ठेवायलाच हवा. ते अगदी शांतपणे उठले, खालच्या खणातली स्पिरिटची बाटली आणि एक रुंद तोंडाची बरणी काढली, चाकूच्या पात्यानं हळदूला बशीपासून सोडवलं आणि बरणीत घातलं. मग वरून स्पिरिट ओतलं.

हळदू आक्रसला. पिवळा रंग त्याच्यातून सुटून स्पिरिटमध्ये उतरला, आणि थोड्या वेळानं बरणीतलं स्पिरिट हळदीसारखं पिवळं आणि तळाशी पांढुरकं काहीतरी, असं उरलं. राजाभाऊंनी झाकण घट्ट लावलं, बशी धुऊन पालथी घातली. हात पुसले. दोन वाजता स्प्रे करायचा होता हे त्यांना दोन वाजता आठवलं, आणि ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सातच्या सुमाराला बायका परत आल्या. स्वानंदी रजईचा गठ्ठा छातीशी धरून आधी त्यांच्याच खोलीत आली. "आजोबा, ही तुमची! मी सिलेक्ट केली. बघा, भुंगेरे आहेत. म्हणजे फुलंच आहेत, पण लांबून भुंगेरे दिसतात." रजई पलंगावर पडली. मग तिनं टेबलाकडे पाहिलं.

"हळदू कुठे?"

राजाभाऊंनी बरणी दाखवली. "नमुना केला. ओळख पक्की करायची तर नमुना लागतो. शास्त्राचा नियमच आहे तो."

मयुरा दारात उभी होती, तिच्या मागे सरलाताई. स्वानंदी बरणीजवळ गेली, वाकून बघत राहिली. ती रडेल असं राजाभाऊंना वाटलं होतं. रडली असती तर त्यांना समजूत घालता आली असती.

"अख्खा?" तिनं विचारलं.

"काय?"

"अख्खा का घेतला? तुकडा घेतला असता तरी चाललं असतं. तो कापला तरी जगतो. दहातला एक घ्यायचा, असं तुम्हीच सांगता."

राजाभाऊंनी बरणीचं झाकण उगाचच पुन्हा आवळलं.

"घाईत लक्षात आलं नसेल गं," मयुरा हळूच म्हणाली. "काकांनी त्यांच्या पद्धतीनं केलं." तिचा आवाज सांभाळलेला होता. राजाभाऊंना तो सांभाळलेला आवाज एखादी चपराक बसावी तसा लागला, कारण तिला सगळं कळलंय आणि तरी ती आपल्याला वाचवते आहे, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

रविवारी त्यांनी मायक्रोस्कोप दिवाणखान्यात आणून ठेवला. "घे, बघ," ते स्वानंदीला म्हणाले. ती म्हणाली, "मी अजून दहाचीच आहे," आणि पोह्यांची बशी घेऊन आईच्या खोलीत गेली. चौथ्या मजल्यावरही ती गेली नाही. मयुराचा नवा मायक्रोस्कोप खोक्यातच राहिला.

"मुक्या जिवावर सूड उगवलात," रात्रीची भांडी आवरताना सरलाताई म्हणाल्या. "तो तर बिचारा तुमच्या वाटेलाही गेला नव्हता. पोरीला खरं सांगा."

"काय खरं?"

"ते मी सांगायचं होय?"

सोमवारी मयुरा वर आली. बसली नाही. "काका, माझ्याकडे हळदूचाच एक तुकडा कागदावर वाळवून ठेवलेला आहे. पाणी घातलं की एक-दोन दिवसांत जागा होतो. पण स्वानंदी नको म्हणते. विचारते, तो हळदूच असेल हे कशावरून? त्याला आम्ही आठवू का? मला ह्याचं उत्तर येत नाही. तुम्हाला येत असेल तर तिला सांगाल का?"

राजाभाऊंच्या जिभेवर उत्तर तयार होतं, एकाच पेशीचा भाग वगैरे. नेहमीसारखं. पण ते उत्तर खरं किती आणि मयुरापुढे मिरवायला किती, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. "बघतो," एवढंच ते म्हणाले.

ती बरणी टेबलावर तशीच होती, बिनलेबलाची. ज्या माणसानं आयुष्यात एक मुंगीसुद्धा लेबलाशिवाय ठेवली नाही, त्याच्या टेबलावर. स्वानंदी शाळेतून आली की दारातून एकदा तिकडे बघायची आणि निघून जायची. ती कशाची वाट बघते आहे ते राजाभाऊंना गुरुवारी कळलं.

त्या दुपारी त्यांनी जाड कागदाची चिठ्ठी कापली, स्पिरिटात न पुसणाऱ्या काळ्या शाईचा बारीक पेन घेतला आणि लिहायला बसले. नाव: हळदू. त्याखाली लॅटिन नाव. स्थळ: लक्ष्मीबाई नगर, दिल्ली. कोणी वाढवला: स्वानंदी आणि मयुरा. इथवर हात सरळ चालला. मग शेरा आला. अडतीस वर्षांत त्यांनी हजारो शेरे लिहिले होते. डावा पंख तुटलेला. दगडाखाली, ओल्या मातीत. दिव्यावर आलेला. शेवटी लिहिलं: 'जिवंत आणि निरोगी होता. नमुन्याची गरज नव्हती. हेव्यापोटी मारला.' आणि खाली सही केली.

स्वानंदी दप्तर टाकून दाराशी आली, तेव्हा चिठ्ठी बरणीशेजारी पडलेली तिनं पाहिली. आत आली. उचलून वाचली. ओठ हलत होते.

"हेव्यापोटी म्हणजे काय?"

दिल्लीत वाढलेली पोर. हा शब्द घरात कधी कोणी तिच्यासमोर उच्चारलाच नव्हता. राजाभाऊंना क्षणभर वाटलं, सुटलो, काहीतरी सांगून टाकावं. मग त्यांनी तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"जलन," ते म्हणाले. "मला जलन झाली."

"कोणावर?"

"मयुरामावशीवर. तू तिच्याकडे जायला लागलीस म्हणून. आणि ह्याच्यावरही."

"हळदूवर?" स्वानंदीचे डोळे मोठे झाले. "पण त्याला तर दिमाग पण नाहीये, आजोबा!"

"हो. मला होता, तरीही."

बरणीच्या काचेला तिनं बोट लावलं. "त्याला दुखलं असेल?"

ह्या प्रश्नावर राजाभाऊंना तासभर बोलता आलं असतं. मज्जापेशी नाहीत, मेंदू नाही, तेव्हा दुखण्याचा प्रश्नच नाही, असं ते सप्टेंबरात ठणकावून म्हणालेही होते. आता त्यांना तो प्रवाह आठवला, धावता धावता थांबलेला आणि मागे फिरलेला.

"माहीत नाही," ते म्हणाले.

स्वानंदीनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, एखादा किडा ओळखीचा वाटतो आणि वाटतही नाही तेव्हा ती बघायची तसं. मग तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

"तारीख नाही लिहिली," ती म्हणाली.

राजाभाऊंनी पेन उघडला आणि शनिवारची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग तिनं बरणीचं झाकण फिरवलं आणि चिमट्यानं लेबल आत सोडलं.